नव्या फुलाचें बारसें

जुन्नरच्या आसपासचे डोंगर ज्यानें पावसाळ्यांत पाहिले असतील त्याला तेथील उभे काळे कडे सहसा विसरतां येत नाहींत. त्या कड्यांच्या चिरांत, जेथें मूठभर माती सांचण्याचीही मारामार, तेथें एक मांसल खोडाची, लोंबत वाढणारी वनस्पति दिसते. आतां ती फारच थोड्यांना दिसते, हें खरें. तिचीं पानें जाडसर व हिरवींगार असतात. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास तिला लहानशा नाण्याएवढें, पांच कोनांचें, गडद किरमिजी फूल येतें आणि त्यावर पिवळे ठिपके असतात. पाऊस सरला कीं पानें गळतात, आणि उरलेलें बोडकें खोड उन्हाशीं झुंजत कड्याला धरून राहतें. गांवकरी हिला शिंदळ माकुडी म्हणतात.

१८६० नंतर थोड्याच वर्षांनीं ही वनस्पति निकोल अलेक्झांडर डाल्झेल यांच्या हातीं आली. डाल्झेल हे मूळचे स्कॉटलंडचे. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचे ते प्रमुख होते. अलेक्झांडर गिब्सन यांच्या साह्यानें त्यांनीं १८६१ सालीं या इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. म्हणजे येथल्या झाडाझुडपांची त्यांच्याइतकी ओळख त्या काळीं दुसऱ्या फारशा कोणाला नव्हती. अशा माणसालाही हें रोप माहीत असलेल्या कोणत्याच प्रजातींत बसवितां आलें नाहीं. फुलाची ठेवण निवडुंगासारख्या दिसणाऱ्या एका मांसल, पर्णहीन गटाशीं जुळे. पण त्या गटांत अशीं सपाट, पुरतीं वाढलेलीं पानें कोणालाच नसत. तेव्हां डाल्झेल यांनीं तिच्यासाठीं नवी प्रजातिच स्थापिली, तिला त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचें नांव दिलें, आणि १८६५ च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकांत तिचें वर्णन छापविलें. कड्यावरची शिंदळ माकुडी अशा रीतीनें शास्त्राच्या दप्तरीं ‘फ्रेरिया इंडिका’ झाली.

गव्हर्नरसाहेबांना या फुलाचें काय कौतुक वाटलें असेल तें असो. हेच फ्रिअर पुढें दक्षिण आफ्रिकेंत गेले आणि १८७९ चें झुलू युद्ध पेटविण्यांत त्यांचा मोठा हात होता. अशा सत्ताधाऱ्याचें नांव एका निरुपद्रवी फुलाच्या गळ्यांत कायमचें कां असावें, असा प्रश्न आज पुष्कळजण विचारतात, आणि तो अगदींच गैरवाजवी नाहीं. परंतु वनस्पतिशास्त्राचे नियम या बाबतींत कठोर आहेत. नियमानुसार प्रसिद्ध झालेलें सर्वांत जुनें नांव चालवावयाचें, मग तें कोणाला आवडो वा न आवडो. २०२४ सालीं माद्रिद येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें आफ्रिकेंतील लोकांना अपमानकारक असा एक शब्द दोनशेंहून अधिक नांवांतून दुरुस्त करण्याचा ठराव केला. या नियमाला पडलेला तो अगदीं विरळा अपवाद होय.

आपल्याकडे मुलाच्या बारशाला पाळणा, घुगऱ्या आणि आत्या एवढीं असलीं कीं काम भागतें. वनस्पतीच्या बारशाचा विधि याहून पुष्कळ लांबलचक आहे, आणि त्याची सुरुवात चिखलांत होते. प्रथम नमुना गोळा करावयाचा. त्याला फूल हवें. फळ मिळाल्यास उत्तमच. फुलाचा रंग, त्याचा वास, देठावरील लव, तोडल्यावर निघणारा चीक, आसपासची जमीन, समुद्रसपाटीपासूनची उंची, अशा ज्या ज्या गोष्टी वाळलेल्या रोपावरून पुढें कळणार नाहींत, त्या सर्व जागच्याजागीं वहींत टिपावयाच्या. मग तें रोप जुन्या वर्तमानपत्रांच्या घडींत घालून दाबावयाचें. सह्याद्रींतील चमत्कारिक फुलें बहुधा मुसळधार पावसांतच उमलतात. त्या दमट हवेंत कागद एक दिवस बदलावयाचे राहिले तर नमुन्याला बुरशी चढते, आणि सगळी डोंगरचढ फुकट जाते.

नमुना वाळला म्हणजे खरें काम सुरू होतें. हातीं आलेली वनस्पति पूर्वीं कोणी वर्णिलेली नाहीं, हें सिद्ध करावयाचें असतें. आणि नसणें सिद्ध करणें हें कोणत्याही शास्त्रांत कठीणच. त्यासाठीं प्रथम ग्रंथ चाळावे लागतात. हूकर यांचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील सात खंडांचा ग्रंथ १८७२ ते १८९७ या काळांत निघाला. मुंबई इलाख्यापुरता थिओडोर कुक यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत पुरा झाला. हे कुक पेशानें इंजिनियर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. दगड-लोखंडाच्या हिशेबांत आयुष्य घालविलेल्या या गृहस्थानें निवृत्तीनंतर वनस्पतींचा हा प्रचंड ग्रंथ रचिला. महाराष्ट्रांत फुलें ओळखूं पाहणारा विद्यार्थी आजही कुकांपासूनच आरंभ करतो.

ग्रंथांनीं भागत नाहीं. प्रत्येक जातीच्या नांवाला एक वाळलेला नमुना कायमचा जोडलेला असतो. त्याला प्रमाण-नमुना म्हणतात. १९५८ सालापासून तो नेमून दिल्याशिवाय नवें नांव ग्राह्यच धरीत नाहींत. वर्णनाच्या शब्दांचा कांहीं घोटाळा झाला, चित्र चुकलें, तरी हें नांव नेमकें कशाचें, याचा निकाल तो कागदावर चिकटविलेला वाळका पाला देतो. पेढीवरच्या जुन्या मापाला जें महत्त्व, तेंच याला. आतां अडचण अशी कीं एकोणिसाव्या शतकांत येथून गोळा झालेले असे नमुने बहुतांशीं इंग्लंडांतील क्यू येथल्या किंवा तशाच दुसऱ्या परदेशी संग्रहांत जाऊन पडले. त्यामुळें साताऱ्याच्या पठारावरचें गवत नवें कीं जुनें, हें ठरविण्यासाठीं कैक वर्षें आपल्या विद्वानांना समुद्रापलीकडे पत्रें लिहून वाट पाहावी लागे. आतां त्या कागदांच्या स्वच्छ प्रतिमा घरबसल्या पाहावयास मिळतात. हा एक मोठाच त्रास वांचला आहे. देशांतही संग्रह उभे राहिले. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत एथेलबर्ट ब्लाटर या स्विस धर्मगुरूंनीं जमविलेला संग्रह त्यांच्याच नांवानें चालतो, आणि भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेची पश्चिम विभागाची शाखा १९५५ पासून पुण्यांत आहे.

इतकें झाल्यावर वर्णन लिहावयाचें. १९३५ पासून २०११ च्या अखेरपर्यंत तें लॅटिन भाषेंत असणें सक्तीचें होतें. त्यानंतर इंग्रजी वर्णनही चालूं लागलें. नांवाचा वेष मात्र अजूनही लॅटिनच. त्यामुळें आपल्या परिचयाचे गांव-डोंगर तेथें मोठ्या गमतीच्या रूपांत भेटतात. कुठें ‘सह्याद्रिका’, कुठें ‘काँकानेन्सिस’, कुठें ‘पांचगनिएन्सिस’. कासच्या पठारावर जांभ्या दगडांतील उथळ डबक्यांत एक वनस्पति वाढते. तिचा फुलोरा दोन फांट्यांचा असतो आणि नर व मादी फुलें निरनिराळ्या रोपांवर येतात. गांवकरी तिला वायतुरा म्हणतात. शास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं तिचें नांव ‘ॲपोनोजेटन साताऱेन्सिस’ असें ठेविलें. म्हणजे एवढें ठळक फूल, साताऱ्यासारख्या शहरापासून २५ किलोमीटरांच्या आसपास, आणि शास्त्राच्या यादींत त्याचा प्रवेश व्हावयास १९८२ साल उजाडावें लागलें.

येथें ‘नवी जाति’ या शब्दप्रयोगाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. वायतुरा गुराख्यांना नवा नव्हता. नवी म्हणजे शास्त्राच्या नोंदवहीला नवी, एवढाच त्याचा अर्थ. नोंदवही लिहिणाऱ्यांनीं पूर्वींपासून स्थानिक जाणत्यांच्या तोंडूनच पुष्कळसें ऐकलें आहे. कबूल करण्याची सचोटी मात्र सर्वांनीं सारखी दाखविली नाहीं. ती दाखविणारा एक ग्रंथ म्हणजे ‘हॉर्टस मलबारिकस’. मलबारचे डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांनीं तयार करविलेला हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें बारा खंडांत छापला गेला. त्यांतील माहिती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांनीं आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या तीन कोंकणी ब्राह्मणांनीं पुरविली. पहिल्या खंडांत या मंडळींचीं प्रशस्तिपत्रें छापलीं आहेत. तिघां ब्राह्मणांचें पत्र १६७५ सालचें असून तें कोंकणी भाषेंत, नागरी लिपींत आहे. चित्रांवरही वनस्पतींचीं नांवें नागरींत कोरलेलीं आढळतात. युरोपांत छापलेल्या अगदीं आरंभीच्या नागरी मजकुरांत त्याची गणना होते. लिनियस यांनीं १७५३ सालीं आपला वनस्पतींच्या जातींचा ग्रंथ लिहिला आणि जेथून आजच्या नामकरणाचा आरंभ मानला जातो, त्या ग्रंथांत त्यांनीं हिंदुस्थानच्या कितीतरी वनस्पती ऱ्हीडच्या चित्रांवरून घेतल्या. त्यांतलीच एक वेल पाहून त्यांनीं ‘सेरोपेजिया’ ही प्रजाति निर्माण केली. फुलांचा झुबका त्यांना मेणाच्या कारंजासारखा भासला, आणि तोच अर्थ ग्रीक शब्दांतून नांवांत आला.

सेरोपेजिया म्हणजे आपली खर्पुडी किंवा कंदीलपुष्प. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान गवतांत हिचीं रोपें माना वर काढतात. फूल मोठें विलक्षण असतें. खालीं फुगीर कुपी, वर निमुळती नळी, आणि नळीच्या तोंडाशीं पांच पाकळ्यांचीं टोकें एकत्र येऊन बनलेला पिंजरा. हा सारा प्रपंच बारीक माशांसाठीं असतो. वासानें ओढली जाऊन माशी नळींत शिरते. नळीच्या आंतल्या बाजूचे केंस खालच्या दिशेनें वळलेले असल्यामुळें तिला उतरतां येतें, चढतां येत नाहीं. कुपींत ती अडकून फिरत असतां परागांचे पुंज तिच्या सोंडेला चिकटतात. पुढें केंस कोमेजतात, वाट मोकळी होते आणि माशी सुटते; पण शहाणी होत नाहीं. ती दुसऱ्या फुलांत शिरते, आणि बीजधारणा होते.

या फुलानें शास्त्रज्ञांचीही थोडीफार अशीच गत केली आहे. एका जातीची खर्पुडी दुसरीपासून वेगळी ओळखावयाची तर कुपीच्या आंत, परागकोशांभोवतीं जो चिमुकला मुकुट असतो, त्याचे भाग पाहावे लागतात. वर्तमानपत्रांत दाबलेल्या फुलांत त्या मुकुटाचा चुराडा झालेला असतो. जुन्या संग्राहकांनीं केवळ वाळलेले नमुने ठेविले. म्हणून त्यांच्या नांवांचा उलगडा करतांना मागाहून आलेल्यांची पुरेवाट झाली. आतां फुलें मद्यार्कांत बुडवून ठेवितात, तेव्हां कोठें त्यांचें रूप टिकतें. शिवाय हंगाम चार-सहा आठवड्यांचा. त्यानंतर रोप वाळून जातें आणि जमिनीखालीं फक्त कंद राहतो. हिवाळ्यांत डोंगर चढणाऱ्या विद्वानाला खर्पुडीचा मागमूसही लागावयाचा नाहीं. तरीही भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनीं या प्रजातीचा पिच्छा सोडला नाहीं. अन्सारी आणि कुलकर्णी यांनीं १९७१ सालीं ‘सह्याद्रिका’ वर्णिली. अन्सारी यांनीं पुढें १९८४ सालीं भारतांतील सर्व सेरोपेजियांचा समग्र ग्रंथ प्रसिद्ध केला. संपलें असें वाटावें, तों २००६ सालीं नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरून ‘अंजनेरिका’ पुढें आली, आणि २०२५ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतील विशाळगडावरच्या एका नव्या जातीला शिवछत्रपतींच्या स्मरणार्थ ‘शिवरायिना’ हें नांव मिळालें. ज्या गडावर शतकानुशतकें माणसांची ये-जा आहे त्याच्या अंगावर एक फूल २०२५ पर्यंत निनावी राहावें, ही गोष्ट विचार करावयास लावते.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना अंजनेरीचें उदाहरण पुरेसें आहे. हनुमंताचें जन्मस्थान म्हणून या डोंगराला लोक भजतात. माथ्यावर गवताळ पठार आहे, कड्यांत गिधाडें आहेत. या डोंगरावरच्या खर्पुडीला २००६ पर्यंत शास्त्रीय नांव नव्हतें. ज्याला नांव नाहीं त्याची सरकारी यादींत नोंद होत नाहीं, आणि ज्याची नोंद नाहीं तें खणून टाकलें तरी कायद्याच्या दृष्टीनें कांहीं नाहींसें झालें असें ठरत नाहीं. २००६ नंतर निदान एक गोष्ट लेखी झाली कीं या डोंगरावर अमुक नांवाची वनस्पति आहे. २०१७ सालीं अंजनेरीचा परिसर संवर्धन राखीव म्हणून जाहीर करण्यांत आला. पुढें २०२० सालीं डोंगरावर मोटारीचा रस्ता चढविण्याची योजना निघाली, तेव्हां तिला विरोध करणाऱ्यांच्या कैफियतींत गिधाडांच्या जोडीला या चिमुकल्या फुलाचें नांव होतें. नांव नसतें तर कैफियतींत काय लिहावयाचें, हा प्रश्नच होता.

याला दुसरी बाजू आहे आणि ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. खर्पुडीचे कंद खातां येतात. डोंगरांतले गुराखी व आदिवासी ते पूर्वींपासून खणून खात आले आहेत, आणि पोटासाठीं खणणाऱ्याला दोष देणें नगरवासीयांना शोभत नाहीं. परंतु दुर्मिळ म्हणून छापून आलेल्या वनस्पतीचा ठावठिकाणा कळतांच ती उपटून आपल्या कुंडींत लावूं पाहणारा हौशी माणूस हा निराळा प्राणी आहे. मांसल व चमत्कारिक रोपांचे शौकीन जगभर पसरले आहेत. म्हणून हल्लीं कित्येक अभ्यासक नव्या जातीचें वर्णन छापतांना नेमकी जागा मोघमच ठेवितात. कासचें पठार तर फुलांच्या कीर्तीनेंच संकटांत सांपडलें. २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर त्याचा जागतिक वारशांत समावेश झाला. पुढें हंगामांत माणसांची रीघ इतकी वाढली कीं रोज किती जणांना आंत सोडावयाचें यावर मर्यादा घालावी लागली. नांव नसलें तर वनस्पति मुकाट्यानें जाते. नांव झालें तर पाहुण्यांच्या पायांखालीं येते. यांतून वाट काढण्याचें एक साधन म्हणजे रोपें तयार करणें, आणि तें काम होतही आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानांत प्रा. श्रीरंग यादव व त्यांचे सहकारी यांनीं सह्याद्रीच्या खर्पुड्यांचा मोठा संग्रह जोपासला आहे. शिंदळ माकुडीही छाटाच्या कांड्यांपासून सहज मूळ धरते. कड्यावर ती दुर्मिळ झाली तरी बागेंतल्या कुंडींत तिला फुलें येतात.

शिंदळ माकुडीच्या नांवाची हकीकत मात्र डाल्झेल यांच्यापाशीं संपली नाहीं. माकुडी, माकडशिंग अशा नांवांनीं खेड्यापाड्यांत ज्या पर्णहीन वनस्पती ओळखल्या जातात, त्यांना शास्त्रज्ञ ‘कॅरालुमा’ म्हणत. फ्रेरियाचें फूल पाहिलें तर तें त्यांच्याच वळणाचें. केवळ पानें आहेत म्हणून वेगळी प्रजाति कां मानावी, असें म्हणून १९५८ सालीं रॉली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें तिला कॅरालुमांत घातलें. पण तेथें ‘इंडिका’ हें नांव आधींच दुसऱ्या वनस्पतीला दिलेलें होतें, आणि एका प्रजातींत एका नांवाच्या दोन जाती चालत नाहींत. म्हणून ती ‘कॅरालुमा फ्रेराय’ झाली, आणि गव्हर्नरसाहेब प्रजातींतून उतरून जातींत येऊन बसले. गंमत अशी कीं माकुडीशीं असलेलें नातें गांवच्या नांवांत स्पष्टच सांगितलेलें होतें.

त्यानंतर केवळ बाह्य रूपावर विसंबण्याचा काळ गेला. वनस्पतींच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासून नातीं ठरवूं लागले. १९९८ सालच्या नव्या वर्गीकरणांत रुईचें कुल मोडून कण्हेरीच्या कुलांत मिळविण्यांत आलें. म्हणजे मारुतीला वाहावयाची रुई आणि अंगणांतली कण्हेर आतां एकाच घरच्या झाल्या. शिंदळ माकुडी कॅरालुमांतून निघून ‘बौसेरोसिया’ या प्रजातींत गेली. आणि २०१७ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील अभ्यासकांनीं या सर्व मांसल मंडळींचा उगम सेरोपेजियाच्या शाखांतूनच झाला आहे असें दाखवून त्या साऱ्यांना सेरोपेजियांत घालावें असें सुचविलें. त्यांचें म्हणणें मान्य केलें तर जुन्नरच्या कड्यावरची शिंदळ माकुडी आणि अंजनेरीच्या गवतांतली खर्पुडी यांचें प्रजातिनाम एकच होतें. सर्वांना हें पटलेलें नाहीं. एकाच नांवाखालीं इतकीं भिन्न रूपें आणलीं तर त्या नांवानें काय समजावें, असा दुसऱ्या पक्षाचा आक्षेप आहे, आणि डोंगरांत हिंडणाऱ्या माणसाला तोच अधिक सोयीचा वाटावा.

वनस्पतिसंग्रहांत मात्र अशा वादाचा निकाल लागेपर्यंत कोणी थांबत नाहीं. तेथील शिस्त अशी कीं नमुन्याच्या कागदावरील जुनी चिठ्ठी कधीं फाडावयाची नाहीं. ज्याला नवें नांव योग्य वाटेल त्यानें तें आपल्या सहीनिशीं व तारखेनिशीं नव्या चिठ्ठीवर लिहून शेजारीं चिकटवावें. त्यामुळें जुन्या कागदांवर एकाखालीं एक तीन-तीन, चार-चार चिठ्ठ्या जमतात. हस्ताक्षरें निरनिराळीं, शाई निरनिराळी. मध्यभागीं दोऱ्यानें शिवलेली ती वाळकी काडी आहे तशीच असते, आणि तिच्या खालच्या कोपऱ्यांत, ज्यानें ती कड्यावरून काढून आणली त्याच्या हातचें स्थळ आणि दिनांक.